हेडरेस्टमधले आठ स्पीकर

गाडीत स्पीकर कुठे बसवायचे, हा प्रश्न एकेकाळी फार सोपा होता. दोन पुढच्या दारांत, दोन मागे, आणि ज्याला शेजाऱ्यांशी वैर धरायचं असेल त्याने डिकीत एक दांडगा वूफर. विद्याधर नांद्रेकर याच तयारीने सांगली-मिरज रस्त्यावरच्या अभिनंदन मगदूमच्या दुकानात शिरला होता.

"किती माणसं, साहेब?" मगदूमने विचारलं.

"गाडीत?"

"घरात."

विद्याधरने त्याच्याकडे बारीक नजरेने पाहिलं. तसा तो सगळ्यांकडेच बारीक नजरेने पाहत असे. मोटार-विम्याचा सर्व्हेअर म्हणून त्याची तीस वर्षं अपघात झालेल्या गाड्या तपासण्यात आणि त्यांचे मालक सांगत ते खोटं ठरवण्यात गेली होती. 'उभ्या गाडीला म्हशीने धडक दिली' असं कोणी म्हटलं, तर बंपरचा पोचा पाहून तो गाडीचा वेग सांगे, आणि म्हशीची बाजू घेई. गाड्या आता निम्म्याहून जास्त वेळ स्वतःच चालत, अपघात कमी झाले होते. माणसांचं खोटं बोलणं मात्र कमी झालं नव्हतं, त्यामुळे त्याची नोकरी शाबूत होती.

"चार," तो म्हणाला. "मी, बायको, मुलगी आणि आई. पण याचा स्पीकरशी काय संबंध?"

"सगळा संबंध तोच आहे की," मगदूम म्हणाला आणि त्याने चहा मागवला.

तक्रार साधी होती. विद्याधरला गाडीत गझला लागत. त्याच्या आईला, म्हणजे माईंना, प्रवचन लागे. बायको पल्लवीला बातम्या हव्या असत, आणि मुलगी ओवी जे ऐके ते विद्याधरच्या मते कुणीतरी जिन्यावरून भांडी सोडल्याचा आवाज होता. प्रत्येक सीटला तिचा स्वतःचा आवाज मिळेल आणि शेजारच्या सीटला त्याचा पत्ताही लागणार नाही, अशी सोय निघाल्याचं त्याने ऐकलं होतं.

मगदूमने विज्ञान समजावून सांगितलं. आवाज म्हणजे हवेतल्या लाटा. लाटेच्या डोंगरावर बरोब्बर दरी आणून ठेवली आणि दरीवर डोंगर, की दोन्ही मिळून सपाटी; म्हणजे शांतता. इंजिनाची घरघर अशी मारणं फार पूर्वीपासून जमत होतं, कारण घरघर एकसुरी असते, पुढच्या क्षणी ती काय करणार हे आधीच कळतं. माणसाचं बोलणं तसं नाही. ते कुठे वळेल याचा भरवसा नाही, आणि उलटी लाट तयार होईपर्यंत शब्द कानात पोचून गोंधळ घालून झालेला असतो. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की आवाज फुटण्याआधी जबडा, जीभ आणि घसा हलायला लागतात. गाडीच्या छतात सुपारीएवढा रडार बसवला, तर त्याला ही हालचाल दिसते. शब्द तोंडाबाहेर पडायच्या आत त्याची दरी खणून तयार.

"म्हणजे नुसती गाणी नव्हे," विद्याधर सावकाश म्हणाला, "माणसाचं बोलणंसुद्धा पुसता येतं?"

"पाहिजे त्याचं, पाहिजे त्याच्या कानापुरतं. फक्त कान कुठे आहेत ते मापावं लागतं. आणि कुणाचा आवाज कुणाला नको, ते विचारावं लागतं. एकेकाला, एकट्याला. तो नियम आहे. एकाचं उत्तर दुसऱ्याला सांगायचं नाही. गाडीच्या मालकालासुद्धा नाही."

"गाडीच्या मालकाला का नाही?"

"मालकामुळेच नियम करावा लागला, साहेब."

रविवारी नांद्रेकर कुटुंब दुकानात आलं. एकेकाने गाडीत आपल्या नेहमीच्या जागी बसायचं, दार लावायचं, गाडी प्रश्न विचारी त्यांची उत्तरं द्यायची. विद्याधर पहिला गेला. 'कुणाचा आवाज आपल्यापर्यंत येऊ नये? आपला आवाज कुणापर्यंत जाऊ नये?' असं एका गोड आवाजाने विचारल्यावर तो ताठ बसून म्हणाला, "मला सगळ्यांचं सगळं ऐकायचंय. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही." बाहेर येताना त्याला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

मग पल्लवी गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. काचेतून तिचे हलणारे ओठ दिसत होते. ओवी तिच्याहून जास्त वेळ बसली. माई बसल्या, दोन शब्द बोलल्या आणि हसत बाहेर आल्या.

"काय सांगितलंस गं?" विद्याधरने आईला विचारलं.

"सीट मऊ आहे म्हणाले."

आराखडा तयार झाल्यावर मगदूमने तो पडद्यावर दाखवला. गाडीचा वरून काढलेला नकाशा आणि जिथे जिथे स्पीकर तिथे निळे ठिपके. दारांत ठिपके, छतात ठिपके, सीटखाली एकेक वूफर. सगळं ठाकठीक. फक्त चालकाच्या हेडरेस्टमध्ये ठिपक्यांचा घोस लटकला होता. विद्याधरने मोजले. आठ. बाकीच्या तिन्ही हेडरेस्ट मोकळ्या होत्या.

"हे आठ कशाला?"

"तुमच्यासाठी, साहेब. उत्तम क्वालिटीचे आहेत."

"आवाज मारायचा तर स्पीकर ऐकणाऱ्याच्या कानाशी लागतो, असं तुम्हीच म्हणालात."

मगदूमने चहा मागवला.

पोचा पाहून धडक कुठून आली हे सांगणं हा विद्याधरच्या हातचा मळ होता. त्याच्या बडबडीचा कुणाला वैताग असता, तर स्पीकर त्यांच्या कानांशी आले असते. तिथे काहीच नव्हतं. म्हणजे त्याचं बोलणं ऐकायला कुणाची हरकत नव्हती. स्पीकर त्याच्या कानांशी होते. म्हणजे काहीतरी असं होतं, जे त्याच्या कानांवर पडायला नको होतं. आणि एका माणसाचा आवाज अडवायला एवढी फौज लागत नाही. तिघींनीही तेच उत्तर दिलं होतं.

त्या दिवशी जेवताना त्याने वाटीतली आमटी ढवळत विषय काढला. "मी सहज विचारतोय–"

तिघींचे घास एकदम थांबले. नांद्रेकरांच्या घरात 'सहज' या शब्दाला वेगळाच मान होता. सहज विचारतोय, दूध आज उशिरा का तापवलं? सहज विचारतोय, ही मैत्रीण तीच का, जिचा भाऊ साताऱ्याला असतो म्हणाली होतीस, पण मागच्या वेळी कराड म्हणाली होतीस?

"विद्या," माई म्हणाल्या, "तू सहज विचारायला लागलास, की मला माझं नावसुद्धा खोटं वाटायला लागतं."

"मी फक्त म्हणत होतो, की माझ्या हेडरेस्टमध्ये आठ स्पीकर आहेत."

"तुम्हालाच हौस होती ना स्पीकरची?" पल्लवी म्हणाली. "भाजी घ्या."

ओवी ताटाकडे बघत होती. तिच्या उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा छोटा डाग होता. विद्याधरने तो पाहिला होता. कोल्हापूरच्या विमा कंपनीत, जिथे त्यानेच शब्द टाकून तिला चिकटवलं होतं, तिथे बसून अंगठा कशाने भाजतो, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पण त्याचं सगळं लक्ष आठ स्पीकरांकडे होतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दुकानात हजर झाला. आता तो नुसता गिऱ्हाईक नव्हता, विचार करून आला होता.

"मगदूम, आवाज मारायचा तर यंत्राला तो आधी ऐकावा लागतो. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे तो आवाज माझ्या हेडरेस्टमध्ये येऊन बसलेलाच असतो. फक्त उलटा करून. तुम्ही तो उलटा केला नाही, सुलटाच सोडला, तर?"

"तसं मेकॅनिकसाठी असतं, तपासणीपुरतं. गिऱ्हाइकाला देता येत नाही. माझं लायसन जाईल."

"नाही, नाही, मी सहज विचारलं," विद्याधर म्हणाला आणि दुकानाबाहेर उभ्या असलेल्या मगदूमच्या डेमो गाडीभोवती एक फेरी मारून आला. "गेल्या वर्षी हिचा क्लेम माझ्याकडेच होता, नाही का? उभी असताना झाड पडलं होतं. चांगलं झाड होतं. पुढून पडून मागचा दिवा फोडला त्याने."

मगदूमने या वेळी चहा मागवला नाही. "स्टिअरिंगच्या खाली हात घाला," तो खालच्या आवाजात म्हणाला. "बटण एकदा दाबलं, की टिंग वाजतं आणि आवाजाचा पडदा उघडतो. तुम्हाला त्यांच्याशी बोलायचं असलं की. ते सगळ्यांना कळतं. तेच बटण दाबून धरलं, तर पडदा उघडेल, पण टिंग वाजणार नाही. पुन्हा धरलं की बंद. मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही."

पल्लवीच्या भावाची पुण्यात वास्तुशांत होती. सांगलीहून चौघं निघाली. विद्याधर चालवत होता, शेजारी पल्लवी, पल्लवीच्या मागे माई आणि विद्याधरच्या मागे ओवी. शहर सुटेपर्यंत त्याच्या कानात गझल चालू होती. बाजूच्या आरशात एक ट्रक हॉर्न देत होता, तोही ऐकू येत होता, कारण बाहेरचे आवाज अडवायची परवानगी नव्हती. फक्त गाडीतल्या माणसांचं एक अक्षर येत नव्हतं. पल्लवी हातभर अंतरावर बसून मागे वळून हसत होती, आणि तिचं हसणं बंद काचेपलीकडच्या माशासारखं होतं.

आष्टा मागे पडलं. त्याने स्टिअरिंगखाली हात घातला, बटण दाबून धरलं आणि गझल बारीक केली.

"–आणि मुलगी बघायला गेलो, तेव्हा यानं काय विचारलं माहितीये?" माईंचा आवाज एकदम कानाशी आला, जणू त्या त्याच्या खांद्यावर बसल्या होत्या. "सगळे विचारतात स्वयंपाक येतो का, गाणं येतं का. यानं तुझ्या आईच्या आईला विचारलं, टीपॉयवरचा हा ओरखडा कधीचा?"

"आणि आईने घाबरून तारीख सांगितली हो!" पल्लवी म्हणाली.

विद्याधरला हसू फुटलं. त्याचा त्याने वेळीच खोकला केला. तिघी क्षणभर त्याच्याकडे पाहून पुन्हा बोलू लागल्या. एवढंच? त्याला जरा निराशाच वाटली. एवढ्यासाठी आठ स्पीकर?

पेठ नाक्याला गाडी महामार्गावर चढली तेव्हा पल्लवी म्हणाली, "ओवी, आज सांगूनच टाक. आता किती दिवस?"

"भीती वाटते गं."

"चिडतील, आणि काय?"

"चिडले तर चालेल. चिडून माणूस गप्प होतो. पप्पा तपासायला लागतात. नोकरी दिवाळीच्या आधीच सोडली म्हटलं, की विचारणार, मग रोज कोल्हापूरला कुठे जात होतीस? मग शेडवर येणार. शटरचा पोचा बघणार. तेजलला सहज विचारणार."

विद्याधरचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. दिवाळीच्या आधी! तिच्यासाठी शब्द टाकायला तो तिथल्या मॅनेजरच्या घरी सत्यनारायणाला गेला होता, आणि प्रसाद दोनदा मागून घेतला होता. गाडीने सौम्यपणे सुचवलं, की चालकाने पकड सैल करावी.

"शेड कसली आहे ते सांग की मला पुन्हा," माई म्हणाल्या. "मला आवडतं ऐकायला."

"अगं आजी, स्कूटरची बॅटरी गेली म्हणून लोक आख्खी भंगारात टाकतात. पण आतले सगळे सेल मेलेले नसतातच. तीन-चार मेलेले असतात, त्यांच्यामुळे बाकीचे बदनाम. मी आणि तेजल ती उघडतो, एकेक सेल तपासतो, नेमके कुठले खोटं बोलतायत ते शोधतो. काही सेल फार हुशार असतात, मीटर लावला की पूर्ण भरल्यासारखे दाखवतात. भार दिला, की मग खरे रंग कळतात. ते काढून नवे घालायचे. बॅटरी परत पळायला लागते ना, तेव्हा..." तिला पुढचा शब्द सापडला नाही.

विद्याधर समोर रस्त्याकडे बघत होता. ही तर त्याचीच विद्या होती. भार दिला की खरे रंग कळतात. आपल्या पोरीने हे कुणाकडून उचललं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याचा राग कराडच्या अलीकडेच कुठेतरी रस्त्यावर सांडला आणि त्या जागी एक ओळखीचं नसलेलं काहीतरी भरून आलं.

"पप्पांनी एकदाच," ओवी म्हणत होती, "फक्त एकदाच, मी सांगते तेवढं मधे न बोलता ऐकून घेतलं ना, तर शेडची पूजा त्यांच्या हातून करायची, असं मी आणि तेजलने ठरवलंय. नाहीतर मी सरळ कोल्हापूरला खोली घेते. रोज घरी येऊन साक्ष द्यायचा कंटाळा आलाय गं मला."

"ऐकतील," पल्लवी म्हणाली. "पण दिवाळी म्हणू नकोस. एवढे महिने लपवलं म्हटलं की तिथेच अडकतील. गेल्या महिन्यात सोडली म्हण. बाकीचं हळूहळू."

ऐकणार, विद्याधरने मनाशी पक्कं केलं. एक शब्द मधे बोलणार नाही. पूर्ण ऐकून घ्यायचं, जरा चकित व्हायचं, आणि मग म्हणायचं, 'छान केलंस.' त्याने ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं. त्याने बटण धरून पडदा पुन्हा बंद केला. आता त्याला ऐकायचं असं काही उरलं नव्हतं.

कराड ओलांडल्यावर एका हॉटेलच्या अंगणात ते थांबले. मिसळ आली. पल्लवीने ओवीला कोपराने ढोसलं.

"पप्पा, मला एक सांगायचंय."

"सांग ना," विद्याधर म्हणाला. त्याने चमचा खाली ठेवला आणि चेहरा निर्मळ केला. असा निर्मळ चेहरा त्याने शेकडो क्लेमवाल्यांच्या तोंडावर पाहिला होता, आणि प्रत्येक वेळी त्यावरूनच त्यांना पकडलं होतं.

"मी ती नोकरी सोडली." ओवीने श्वास घेतला. "गेल्या महिन्यात."

"दिवाळीच्या आधी," विद्याधर म्हणाला.

तो असं काही बोलणार नव्हता. तीस वर्षांची जीभ बोलली. समोरच्याने चुकीची तारीख सांगितली, की बरोबर तारीख आपोआप बाहेर पडायची, शिंक यावी तशी.

माईंनी पाव तोडता तोडता हात थांबवला. पल्लवी सावकाश वळली आणि तिने अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं. ओवीने मात्र बापावरची नजर काढली नाही.

"कोल्हापुरातून कळलं असतं, तर तुम्ही तेव्हाच विचारलं असतं," ती म्हणाली. "घरात भिंतींना कान असतील म्हणून घरातसुद्धा बोलले नाही. फक्त गाडीत बोलले."

"ओवी, ऐक, तू फार छान–"

"कुठून ऐकताय?"

बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं. पण इतका नेमका प्रश्न विचारणाऱ्याला खोटं सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "आष्ट्यापासून."

"आईच्या आईचा टीपॉय?"

"हो."

"खोकला नव्हता तो."

"नाही."

"कसं करता?"

त्याने सांगितलं. बटण, दाबून धरणं, सगळं. मगदूमचं नाव त्याने घेतलं नाही, आणि नंतर बराच काळ त्याला आपल्या वागण्यातला तेवढाच भाग आठवायला बरा वाटला. ओवीने मान हलवून ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलली नाही.

"छान केलंस, असं म्हणणार होतो मी," तो शेवटी म्हणाला. "खरंच."

"असेल," ओवी म्हणाली. "पण आता ते मी कशावरून मानू?" तिने हात पुढे केला. "चावी द्या. मी चालवते."

तो तिच्या जागी, चालकाच्या मागे बसला. ओवीने सीट पुढे ओढली, आरसे लावले आणि स्टिअरिंगच्या खाली हात घातला. तिने बटणाचं काय केलं, ते त्याला मागून दिसलं नाही. टिंग वाजलं नाही. तेवढं त्याने नीट ऐकलं.

गाडी महामार्गाला लागली. पल्लवी खिडकीबाहेर बघत होती. विद्याधर पुढे झुकला आणि समोरच्या हेडरेस्टशी बोलायला लागला. प्रसाद दोनदा मागितला होता ते त्याने सांगितलं. रागही आला होता, हे सांगितलं. मग सेलांचं ऐकताना काय वाटलं ते सांगायचा प्रयत्न केला. त्याला सवय नव्हती, त्यामुळे वाक्यं मोडत होती आणि तो ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. खोली घेऊ नकोस, म्हणाला. शेडवर तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही, म्हणाला. शटरकडे बघणार नाही.

समोर आठ स्पीकर होते. ते त्यांच्या आराखड्याप्रमाणे काम करत असतील, तर त्याचा एकेक शब्द ओवीच्या कानाशी पोचून सपाट होत होता. मागच्या सीटवरून येणारं काहीही चालकाला ऐकू जाऊ नये, हीच तर योजना होती. पण तिने बटण दाबून धरलं असेल, तर ती अक्षर न् अक्षर ऐकत होती. आरशात तिचे डोळे रस्त्यावर होते. त्यांवरून काही सांगता येत नव्हतं. पोरीचा चेहरा फारच निर्मळ होता.

"तिला ऐकू येत नसेल रे," माई हलकेच म्हणाल्या. "पुण्याला उतरल्यावर सांग."

विद्याधर सीटला टेकला. मग त्याच्या डोळ्यांत एक जुनी, धंदेवाईक चमक आली. तो पुन्हा पुढे झुकला.

"मला तुझं काम कळलं, ओवी," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "मेलेला सेल ओळखायचा तर मीटर लावला की झालं. मीटरने पूर्ण दाखवला की सेल चांगला. भार वगैरे द्यायची काही गरज नसते."

माईंनी कपाळाला हात लावला. "विद्या, आत्तासुद्धा?"

तो आरशाकडे टक लावून बघत होता. ओवीची मान हलली. किंचित, डावीकडून उजवीकडे, एकदाच. मग पुन्हा स्थिर.

खड्ड्याचा हिसका असेल, विद्याधरने स्वतःला बजावलं, आणि मागच्या काचेकडे वळून, दूर जाणाऱ्या गुळगुळीत रस्त्यावर तो खड्डा शोधू लागला.